कनूला घरी बनवलेली उलांडी: पाइप, बांबू आणि ट्यूबच्या पट्ट्या

मराठवाड्यात कुणी होडी घेतली म्हटलं की लोक आधी हसतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेवढंच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. पण पैठणचा नाथसागर भरला की जवळपास साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पाणी पसरतं. येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, मांजरा, नांदेडचं विष्णुपुरी हे वेगळेच. गळ टाकणारे, पक्षी बघणारे, नुसतंच पाण्यावर फिरायची हौस असलेले लोक आता फायबरची नाहीतर प्लायवूडची हलकी कनू घेतात, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांची तक्रार एकच असते: "हलते फार."

हलणारच. कनू लांबट आणि अरुंद, बुड गोलसर. नीट बसून वल्हवली तर सरळ पळते, पण मासा लागला म्हणून एका अंगाला वाकलात किंवा मागची पिशवी घ्यायला वळलात की काठ पाण्याकडे झुकतो. यावरचा उपाय फार जुना आहे. कोकणातले मच्छीमार होडीपासून थोड्या अंतरावर, दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला लाकडाचा ओंडका बांधतात. ती उलांडी. प्रशांत महासागरातल्या बेटांवरची माणसं अशा नावांतून हजारो किलोमीटर गेली. आपल्याला बाभळीच्या खुंटांमधून पन्नास-शंभर मीटर आत जाऊन निवांत बसायचंय, त्यामुळे ड्रिप-पाइपच्या दुकानातल्या सामानात भागतं.

खालची मापं साधारण साडेचार मीटर लांब आणि ८० सेंटीमीटर रुंद कनूची आहेत. तुमची लहान-मोठी असेल तर थोडा फरक पडेल, पद्धत तीच.

१. सामान आणायच्या आधी: परवानगी आणि जागा

हे काम कंटाळवाणं आहे, पण पहिलं हेच. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं आणि मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असतो. जायकवाडी तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, म्हणजे तिथे वन विभागालाही विचारावं लागतं. हिवाळ्यात रोहित आणि पट्टकादंब उतरलेले असताना त्यांच्या थव्यात नाव घालाल तर कुणी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये.

सोबत ठेवायचे कागद: ओळखपत्र, अर्जाची पोच किंवा परवानगीचं पत्र, आणि नाव विकत घेतल्याची पावती. मासे धरायचे असतील तर संस्थेच्या लोकांना आधी भेटा. जाळी कुठे टाकलेली आहेत ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि उलांडी लावलेली नाव जाळ्यात फार पटकन अडकते.

धरणाची भिंत, दारं आणि पाणी उचलणाऱ्या जॅकवेलच्या आसपास फिरकूच नका. पैठणच्या खाली गोदेच्या पात्रात उतरणार असाल तर पाणी सोडणार आहेत का, याची चौकशी त्याच दिवशी सकाळी करा. आदल्या दिवशीची माहिती कामाची नाही.

२. एका बाजूला की दोन्ही बाजूंना?

कोकणी पद्धतीत उलांडी एकाच बाजूला असते, ओंडका जड असतो आणि कायम पाण्यावर टेकलेला असतो. ती नाव चालवायला सवय लागते, कारण उलांडीच्या बाजूला नाव ओढ खाते आणि दुसऱ्या बाजूला झुकली तर ओंडक्याचं वजनच तिला सावरतं. नवख्या माणसानं दोन्ही बाजूंना एकेक हलका फ्लोट, म्हणजे दोन्ही टोकं बंद केलेला पोकळ पाइप, लावावा. ते पाण्याच्या किंचित वर राहतात आणि नाव झुकेल त्याच बाजूचा फ्लोट पाण्यात जाऊन तिला उचलून धरतो. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पोराच्या पाठीला वाळका भोपळा नाहीतर पाच लिटरचा रिकामा कॅन बांधतात, तसंच हे. फक्त इथे तो भोपळा अंगापासून हातभर लांब बांधायचा, म्हणजे त्याचा जोर वाढतो.

जोर किती वाढतो, ते वहीवर मांडून बघा. १६० मिलिमीटरचा, म्हणजे बोलीतला सहा इंची पाइप एका मीटरला सुमारे २० लिटर पाणी बाजूला सारतो. दीड मीटरचा तुकडा घेतला तर ३० किलो उचल. त्यातून पाइपचं आणि टोपणांचं वजन वजा केलं की हाती २५ किलोच्या आसपास राहतात. हा फ्लोट नावेच्या मध्यापासून १ मीटरवर असेल तर त्याचा जोर झाला २५ × १ = २५. तुम्ही ७० किलोचे असाल आणि बसल्या जागी ३० सेंटीमीटर बाजूला सरकलात तर कलवणारा जोर ७० × ०.३ = २१. भागलं. पण नावेच्या काठावरच जाऊन बसलात, म्हणजे मध्यापासून ४० सेंटीमीटरवर, तर ७० × ०.४ = २८ होतात आणि फ्लोट बुडतो. नावेचं स्वतःचं थोडं बळ असतं, पण त्याच्या भरवशावर काठावर बसू नका.

हाच हिशेब ११० मिलिमीटरच्या चार इंची पाइपचा केला तर जेमतेम १२ किलो हाती लागतात. तो स्वस्त असतो, घरी पडलेला असतो, म्हणून बरेच जण तोच बांधतात. लहान मुलाच्या नावेला चालेल. मोठ्या माणसाला तो आधार दिसतो, पण मिळत नाही.

३. सामान

- १६० मिमीचा पीव्हीसी पाइप, दीड-दीड मीटरचे दोन तुकडे. शेतीचा ४ किलो दाबाचा पाइप पुरतो. जाड घेतलात तर वजनच वाढतं.
- त्याच मापाची चार एंड कॅप आणि ४५ अंशाचे दोन बेंड. रबर रिंगचे नकोत, सोल्युशननं चिकटणारे घ्या.
- बेंड आणि मागली कॅप जोडायला कॉलर लागते का, ते पाइपचा तुकडा सोबत नेऊन दुकानातच बसवून बघा.
- पीव्हीसी सोल्युशन आणि पॉलिश पेपर.
- सव्वादोन मीटरचे दोन बांबू. मानवेल उत्तम, कारण तो जवळपास भरीव असतो. जाडी ४ ते ५ सेंटीमीटर.
- मोटारसायकलच्या चार-पाच जुन्या ट्यूबा. पंक्चरवाल्याकडे पडलेल्याच असतात.
- ६ मिमीची नायलॉन दोरी, सागवानाचे किंवा बाभळीचे लाकडी ठोकळे, चार बोल्ट आणि हातानं फिरवायचे विंग नट.
- झाकण असलेल्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या.
- करवत, पाना, मापाची टेप, मार्कर.

लाइफ जॅकेट या यादीत टाकलं नाही, कारण ते नसेल तर यादी करायचीच गरज नाही.

बांबूऐवजी ३८ मिमीचा अॅल्युमिनियमचा पाइप मिळाला तर फारच छान, पण दर विचारूनच आत जा. लोखंडी जीआय पाइप नको. वजनानं नावच खाली बसते आणि सुटला तर तळाला जातो. आडव्या दांड्यासाठीही पीव्हीसीच वापरावा असं पुष्कळांना वाटतं. तो मे महिन्याच्या उन्हात मऊ पडून वाकतो, फ्लोट वर उचलला जातो आणि ऐन वेळी काही कामाला येत नाही.

४. फ्लोट तयार करणं

पाइपची टोकं काटकोनात कापा, कडा घासून घ्या. पुढच्या टोकाला बेंड आणि त्यावर कॅप: बेंडचं तोंड वर करायचं, म्हणजे फ्लोट लाटेवर चढतो, पाण्यात नाक खुपसत नाही. मागच्या टोकाला नुसती कॅप. मागची कॅप बसवण्याआधी झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या आत सरकवा. दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटल्या सहज मावतात. यानं उचल वाढत नाही. पण उद्या पाइपला तडा गेला तरी सगळा पाइप पाण्यानं भरत नाही, हा फायदा मोठा आहे.

आत थर्माकोल भरू नका. पीव्हीसीच्या सोल्युशननं थर्माकोल विरघळतो. जोडाजवळचा भाग चिकट लगदा होतो, वर जोडही नीट धरत नाही. बाहेरून बांधायचा म्हणाल तर त्याचे मणी सुटून पाण्यात पसरतात आणि मासे ते खातात.

जोडाची दोन्ही अंगं पॉलिश पेपरनं खरखरीत करा, पुसा, सोल्युशन दोन्हीकडे लावा, थोडं फिरवत आत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. मग २४ तास हात लावायचा नाही.

आता गळती. काठावर उन्हात ठेवलेला पाइप इतका तापतो की हात लावून धरवत नाही. आतली हवा फुगते. तोच पाइप गार पाण्यात उतरला की हवा आकसते आणि जोडात सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी त्यातून पाणी आत ओढलं जातं. म्हणून "फुंकून पाहिलं, हवा जात नाही" एवढ्यावर विसंबू नका. फ्लोट दुपारी उन्हात तापवा, लगेच हौदात दगडांखाली दाबून रात्रभर ठेवा, सकाळी कानाजवळ धरून हलवा. डुचमळल्याचा आवाज आला तर जोड उन्हात पूर्ण वाळवून बाहेरून पुन्हा सोल्युशनचा थर द्या आणि तीच परीक्षा पुन्हा घ्या.

५. दांड्यांची जागा

एकटे जाणार असाल तर पुढचा बांबू तुमच्या बैठकीच्या पाठीमागे, वीतभर अंतरावर. दुसरा त्याच्या मागे ७० सेंटीमीटरवर. असं केलं की वल्हं मारायला पुढची जागा मोकळी राहते. दोघं बसणार असाल तर दोन्ही बांबू दोघांच्या मधे.

एकाच दांड्यावर काम भागवायचा मोह होतो. एका दांड्यावर फ्लोट लोलकासारखा वर-खाली फिरतो, पुढचं टोक पाण्यात घुसतं आणि तिथूनच नाव वळू लागते. दोनच लावा.

६. उंची

सगळ्या कामात वेळ द्यायचा तर इथे. मोठा फ्लोट चुकीच्या उंचीवर बांधण्यापेक्षा बेताचा फ्लोट बरोबर उंचीवर बांधलेला परवडतो.

फ्लोट खाली बांधले तर दोन्ही कायम पाण्यात घासतात, नाव जड चालते, वळत नाही, आणि जलपर्णीचे झुबके अडकत राहतात. नांदेडकडच्या मंडळींना हे सांगायला नको. फ्लोट फार वर बांधले तर नाव आधी बरीच कलते आणि मग फ्लोट पाण्यावर आपटतो. तोवर तुम्ही घाबरून उलट्या बाजूला झोक दिलेला असतो. नाव सरळ असताना फ्लोटचं बूड पाण्यापासून ३ ते ४ सेंटीमीटर वर, एवढीच फट हवी.

ती अंगणात मोजून कळत नाही. नाव कमरेइतक्या शांत पाण्यात उतरवा. तुम्ही आत बसा, नेहमीचं सामान ठेवा, बॅटरी, पाण्याचा कॅन, डबा, सगळं. पाण्यात उभ्या असलेल्या सोबत्यानं जिथे दांडे येणार आहेत तिथे नावेच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. समजा ते २५ सेंटीमीटर आलं. बांबू काठावर बसणार, म्हणजे बांबूचं बूड पाण्यापासून २५ वर. फ्लोटचं बूड ४ वर हवं, म्हणजे बांबूखाली २१ सेंटीमीटर. त्यात पाइप १६ चा. उरले ५. म्हणून बांबू आणि फ्लोट यांच्यामध्ये ५ सेंटीमीटरचा लाकडी ठोकळा येणार. चारही जोडांवर हा हिशेब वेगळा करा, कारण कनूचा काठ मागे-पुढे एका पातळीत नसतो. ठोकळ्याची खालची बाजू पाइपच्या गोलाईनुसार खरवडून घ्या, नाहीतर पाइप त्यावर घसरतो.

पुढचा ठोकळा मागच्यापेक्षा सेंटीमीटरभर कमी ठेवा. फ्लोटचं तोंड किंचित वर राहिलेलं बरं.

दुसरा माणूस बसला की एवढी नाव साधारण तीन-साडेतीन सेंटीमीटर आणखी खाली बसते, आणि तुमची फट तिथेच संपते. त्यामुळे दोघं जाणार असाल तर दोघांना बसवून मोजा. कधी एकटे, कधी दोघं असाल तर ठोकळ्यांचे दोन जोड करून ठेवा. काम अर्ध्या तासाचं आहे.

७. बांधणी

बांबूला खिळा मारू नका आणि शक्यतो भोकही पाडू नका. बांबू उभा चिरतो, आणि चिरलेला लगेच दिसत नाही. ओला, नुकताच तोडलेला बांबू नको. भुगा पडलेलाही नको. टोकं गाठीच्या दोन बोटं पुढे कापा, म्हणजे दोरी निसटत नाही.

ट्यूबच्या तीन बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या कापा. बांबू, ठोकळा आणि पाइप एकत्र धरून पट्टी पूर्ण ताणून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा. एक वेढा या तिरक्यात, पुढचा त्या तिरक्यात. शेवटचं टोक आधीच्या वेढ्याखाली सारून ओढायचं. ताणलेलं रबर जितकं गुंडाळाल तितकी पकड घट्ट होते. लाट आली, खुंटाला धक्का बसला तर जोड थोडा लवतो आणि परत जागेवर येतो. नट-बोल्टच्या ताठ जोडात तोच धक्का थेट पाइपला जाऊन तडा पडतो. म्हणून फ्लोटच्या जोडाला रबरच. त्यावरून नायलॉन दोरीचे तीन-चार वेढे द्या, कारण उन्हानं रबर कधी ना कधी तुटतंच.

नावेच्या काठाला बांबू धरवायची रीत वेगळी. काठाच्या खालून आतल्या बाजूला एक लाकडी पट्टी धरा, ती आणि बांबूवर ठेवलेली दुसरी पट्टी यांतून बोल्ट आवळा. बोल्ट काठाला लागून जातो, काठातून जात नाही. विंग नट असला की पान्याशिवाय सुटतो आणि नाव जीपवर चढवताना सगळं पाच मिनिटांत मोकळं होतं.

शेवटी दोन्ही फ्लोट नावेला समांतर आहेत का, ते टेपनं पुढून आणि मागून मोजा. बोटभर फरक असला तरी नाव सारखी एकीकडे ओढते आणि वल्हवणाऱ्याला वाटतं, आपलाच हात कच्चा.

बांधणीत दोरीची लोंबती टोकं आणि मोकळे फास ठेवू नका. नाव उलटली तर पाय त्यातच अडकतो.

८. पहिली परीक्षा

शेततळ्यात नको. आपल्याकडे शेततळं जवळ असतं, पाणी स्वच्छ दिसतं, पण त्यातला प्लास्टिकचा कागद शेवाळानं इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. धरणाचा उतरता, मुरमाड काठ शोधा. गाळपेराची काळी जमीन टाळा, तिथे पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

कमरेइतक्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, सोबत एक माणूस काठावर. आधी बसून डावी-उजवीकडे झुका आणि फ्लोट किती बुडतो ते बघा. अर्धा बुडाला आणि नाव थांबली तर उत्तम. मग मुद्दाम इतकं झुका की फ्लोट पूर्ण बुडेल. ती हद्द अंगाला कळली पाहिजे.

मग नाव खरोखर उलटवून बघा. हे कुणी करत नाही, आणि हेच करायला हवं. साधी कनू उलटली तर दोघं मिळून सरळ करतात. उलांडीची नाव एकदा उलटली की फ्लोट तिला उलटीच धरून ठेवतात. विंग नट सैल करून एका बाजूचे दांडे मोकळे केले तर काम सोपं होतं. ते पाण्यात, ओल्या हातानं जमतं का, हे इथेच बघा. जमलं नाही तर नावेला धरून तरंगत राहायचं, पोहत काठ गाठायला जायचं नाही.

आत परत चढताना फ्लोटवर पाय देऊ नका. नावेच्या मागच्या टोकाकडून पोटावर सरकत या.

९. रोजच्या वापरात

उलांडीनं नाव स्थिर होते, वाऱ्याला तोंड देणारी होत नाही. नाथसागरावर दुपारनंतर वारा सुटला की मोकळ्या पाण्यावर लाटा चांगल्याच उठतात, आणि रुंद झालेली नाव त्या लाटांत दोन्हीकडून फटके खाते. सकाळी जा, अकराच्या आत काठावर या. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेला ढग काळवंडले की लगेच परता. वळवाचा पाऊस विजा घेऊनच येतो, आणि उघड्या पाण्यात सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

पाणी उतरत जातं तशी बुडालेली वेडी बाभूळ, जुन्या बांधांचे दगड, विहिरींचे कठडे वर येऊ लागतात. ऑक्टोबरमधली मोकळी वाट मार्चमध्ये खुंटांनी भरलेली असते. आता तुमची नाव दोन मीटरहून जास्त रुंद आहे, हे वल्हवताना विसरायला होतं. दोन खुंटांमधून नाक गेलं म्हणजे नाव जाईलच असं नाही. सावकाश जा आणि अडकलात तर पुढे जोर न लावता आल्या वाटेनं मागे या.

घरी आल्यावर फ्लोट सावलीत, बांबू आडवे आणि कोरडे. ट्यूबच्या पट्ट्या ताणून ठेवू नका, सोडून गुंडाळून ठेवा. दर खेपेआधी पट्ट्यांवर बारीक भेगा दिसतात का ते नख लावून बघा. दिसल्या की बदला. पंक्चरवाला त्याचे पैसेसुद्धा घेत नाही.